आत्याची सतरा मिनिटं

माझ्या आत्याने नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा तिला एकोणचाळीस पूर्ण होऊन अकरा महिने झाले होते. वयाची मर्यादा चाळीस. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि हे सगळं कुणाच्या जोडीला? तर माझ्या. मी अठराची. दोघींनी एकाच दिवशी फॉर्म भरले, नंबर पाठोपाठचे आले.

बाबा म्हणाले, "शिंगं मोडून वासरांत शिरतेयस. लोक हसतील."

"हसू दे. दात दिसतील त्यांचे," आत्या म्हणाली आणि भाजी चिरत बसली.

आत्या एकोणीस वर्षं हॉस्पिटलात आया. कागदावर काम काय, तर बेडपॅन धुणं, चादरी बदलणं, फरशी पुसणं. पण कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाचा श्वास बिघडलाय, हे वॉर्डात सगळ्यांआधी तिला कळायचं. नव्या नर्स हळूच विचारायच्या, "मावशी, जरा बघता का?" मावशींनी बघितलं की मावशी परत फरशीवर. मला याचा फार संताप यायचा. तिला यायचा की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी गेटवरच्या रखवालदाराने मला आत सोडलं आणि तिला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"हिचे पालक घरी आहेत. मी परीक्षेला आलेय," म्हणत तिने हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. मागची पोरं फिदीफिदी हसली. हसा मेल्यांनो, मी मनात म्हटलं.

दहाला पेपर सुरू झाला. लगेच एक माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन बाकाबाकाशी फिरू लागला. माझा ठसा झटक्यात उमटला. माझ्यामागे आत्या. तिचा उमटेना. उजवा झाला, डावा झाला, पदराला पुसून झाला. फिनेल, ब्लीचिंग आणि उकळतं पाणी, एकोणीस वर्षं. बोटांवर रेघ कुठून राहणार?

पर्यवेक्षक आले आणि त्यांनी तिचा पेपरच उचलला. "ठसा नाही तर परीक्षा नाही. बाजूला उभ्या राहा."

"मी उभी राहणार नाही. हॉलतिकिटाची मागची बाजू वाचा. सूचना चौदा."

"बाई, आम्हाला नियम शिकवू नका."

"शिकवत नाही. वाचा म्हणतेय."

आत्याची खोडच ती. औषधाची बाटली कुणाच्या हातात देण्याआधी लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, तसं तिने ते हॉलतिकीट वाचलं होतं. मी तर फोटो नीट आलाय का एवढंच बघितलं होतं. सूचना चौदा मुंगीएवढ्या अक्षरांत होती: ठसा न उमटल्यास फोटो व सही पडताळून उमेदवारास बसू द्यावे. पर्यवेक्षकांनी चष्मा वर केला, खाली केला, मग केंद्रप्रमुखांकडे गेले. तिथून परत येईपर्यंत घड्याळ काही थांबलं नाही. आत्या बाकावर ढिम्म. माझं पेपरात लक्ष कसलं लागतंय!

शेवटी पेपर परत मिळाला. आत्याने तो घेतलाच नाही.

"आधी वेळ लिहा. आमच्याकडे साधी गोळी दिली तरी वेळ लिहितात. पेपर काढून घेतला दहा चारला, देताय दहा एकवीसला. लिहा आणि खाली सही करा."

पर्यवेक्षकांनी हॉलतिकिटावर वेळ लिहून सही केली.

शेवटची घंटा झाली, आम्ही सगळे उठलो. आत्या लिहीतच होती.

"बाई, पेपर द्या."

तिने मान वर केली नाही, नुसतं सहीवर बोट ठेवलं. "सतरा मिनिटं माझी आहेत."

"अहो, माझं जेवण व्हायचंय!"

"माझंही व्हायचंय."

पर्यवेक्षक धपकन खुर्चीत बसले. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. रिकाम्या वर्गात ती एकटी, एकेक गोल काळा करत होती. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

यादी लागली. जागा चाळीस. आत्या अडतिसावी. माझं नाव यादीत नव्हतंच, आणि मला तर कुणी अडवलंही नव्हतं! बाबा माझ्यावर ओरडायचं विसरून तिच्याकडेच वळले.

"चार वर्षं शिकणार म्हणजे चव्वेचाळीसची होशील. मग तुला काम कोण देणार?"

"दादा, काम मी करतेच आहे रे," आत्या म्हणाली. "आता ते काम माझं आहे असं हॉस्पिटलला म्हणायला लावणार."