दोरीवरचा मास्क

सकाळी गॅलरीतल्या दोरीवर माझे चार रुमाल वाळत होते आणि त्यांच्या शेजारी, चिमटा लावून, माझा मास्क. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, म्हणून तीन वर्षं मी श्वासाचं यंत्र लावून झोपतो. यंत्र मास्कमधून नाकात हवा ढकलत राहतं. पण सर्दीने नाक चोंदलं की त्या हवेला आत जायला वाटच उरत नाही.

काल बायकोने यंत्राच्या पाण्याच्या डबीत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकले. पातेल्यावर डोकं धरून वाफ घेणाऱ्या घरात दुसरं काय सुचणार? माझे डोळे चुरचुरायला लागले. डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्यात पाण्याशिवाय काही घालू नका." मग तिने सगळं धुवून काढलं, तरी वास जाईना. शेवटी मी यंत्राशिवायच, दोन उशा घेऊन झोपलो.

श्वास ही आपली आपण करायची गोष्ट, असं माणूस धरून चालतो. निदान मी तरी. सकाळी चहा घेताना मी जरा ऐटीत म्हणालो, "बघ, यंत्राशिवायसुद्धा छान झोप लागली."

"लागली ना," ती म्हणाली. "मध्येमध्ये थांबत होतात. मी हलवलं की परत सुरू."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते. सर्दी तर मला झाली होती.