हवाई वहिनी

वहिनी प्रोग्रॅम लिहायला बसली की तिचा उजवा हात हवेत फिरायचा. इथून पुढे, तिथून खाली, वळून परत वर. मिलिंग मशीनचं टूल धातूच्या ठोकळ्यात कुठून शिरेल आणि कुठे वळेल, हे बोटाने गिरवल्याशिवाय तिला एक ओळ टाइप करवायची नाही. बरं, तेवढ्यावर भागतंय थोडंच! टूल ठोकळ्याच्या वीतभर वर धरून अख्खा प्रोग्रॅम आधी हवेतच चालवून बघायचा, हा तिचा दंडक. मशीन चालवणाऱ्या धाकट्या दिराने म्हणूनच तिची 'हवाई वहिनी' करून टाकली होती.

वर्कशॉप घरचंच. नवरा कामं मिळवून आणायचा, बाकी सगळं या दोघांवर. आता दिराला मोठ्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता. नवरा "जा, तुझं भलं होऊ दे" म्हणून मोकळा झाला. वहिनीला मात्र त्याने जाऊ नये असं मनापासून वाटत होतं. पण बाई मानी, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

शेवटचा ठोकळा मशीनवर चढला. हवेतली फेरी बिनचूक झाली. मग मशीनचं दार लागलं, पाण्याचा फवारा सुटला आणि खरं काम सुरू झालं. एरवी दीर नुसत्या आवाजावरून सगळं ओळखायचा, पण आज तो पाठमोरा आपली हत्यारं पिशवीत भरत होता. मशीन थांबल्यावर त्याने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. ठोकळा कोराच्या कोरा! हवेतल्या फेरीनंतर टूल खाली आणायचं वहिनी साफ विसरली होती.

"वहिनी, हवा मात्र झकास कापलीत हं!"

वहिनी हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"सकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही माझं. तुम्ही जाऊ नका, भाऊजी."

दिराने पिशवी खाली ठेवली. "इतके दिवस वाट बघतोय, घरातलं कुणीतरी हे म्हणेल म्हणून. दादाने तर लगेच आशीर्वादच देऊन टाकला."

"मग तुम्ही तरी बोलायचं!"

"काय बोलू? मला अडवा म्हणून?"

दिराने खिशातून मोबाइल काढला. "येत नाही म्हणून कळवतो त्यांना. पण दादाला तुम्ही सांगायचं."

"सांगते ना," डोळे पुसत वहिनी म्हणाली आणि टूल खाली घ्यायला वळली.