सखाभाऊंची तिसरी खोली

सखाभाऊ भाडं मागायला आले की आधी कौलांची चौकशी करत. मी नवी भाडेकरू, मला हे काय ठाऊक? पहिल्याच महिन्यात ते चपला काढून दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, कौलं गळत्यात का?" मी म्हटलं, छे, अगदी कोरडी आहेत. ते "बरं, बरं" म्हणत निघून गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. ऐन उन्हाळ्यात कौलं गळतील कशी, हे मला कळेना. शेवटी शेजारच्या खोलीतल्या शिंप्याने हसत हसत सांगितलं, की भाऊ भाड्यासाठी खेपा घालताहेत. तो स्वतः मात्र कौलांबद्दल भरभरून बोलायचा आणि भाऊंना शिडीवर चढवायचा. कौलं शाकारली जायची, भाडं तेवढं राहून जायचं.

मी तेव्हा लोणावळ्याच्या एका शाळेत नोकरीला लागले होते. आई आणि मी, दोघीच. वलवणच्या रस्त्याला भाऊंची तीन खोल्यांची चाळ होती. भाऊ मूळचे वडिवळ्याचे, रेल्वेत फिटर. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ही चाळ बांधली होती. दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं आणि तिसरीत आपण राहायचं, एवढाच त्यांचा बेत. तोवर तिसरी एका कारकुनाला दिली होती, भाऊ रिटायर होताच सोडायच्या बोलीवर. भाऊ रिटायर झाले. रेल्वेची क्वार्टर त्यांनी ठरल्या दिवशी झाडून-पुसून परत केली आणि तानूमावशीला, म्हणजे बायकोला घेऊन आपल्या घरी आले. कारकून कधीच मुंबईला गेला होता. जाताना त्याने खोली काशिनाथ टांगेवाल्याच्या हवाली केली होती, काही रक्कम घेऊन, असं लोक म्हणत. भाऊंना कुणी विचारलंही नव्हतं.

चार दिवस राहतो, दुसरीकडे बघतोच आहे, असं काशिनाथ म्हणाला. म्हणून भाऊंनी चार दिवसांसाठी मागच्या पत्र्याच्या पडवीत चूल मांडली. मी राहायला गेले तेव्हा त्या चार दिवसांना कित्येक वर्षं उलटली होती.

तानूमावशींना दमा होता. लोणावळ्याचा पाऊस आडवा मारतो. भाऊ दर वैशाखात पडवीला पश्चिमेच्या बाजूने गवताचा कूड बांधत, आणि आषाढ संपेपर्यंत तो कुजून जाई. अंथरूण ओलं, सरपण ओलं, भिंतींना बुरशी. मावशी उशीला टेकून बसून असत. आडवं झालं की श्वास कोंडायचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, यांना कोरड्या खोलीत ठेवा, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात हातच्या जातील. कोरडी खोली भिंतीपलीकडेच होती, मावशींच्या नवऱ्याची स्वतःची. याचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी भाऊंवर काढायचे.

पावसाळ्यात मी विषय काढला की भाऊ म्हणायचे, "पोरं हायेत त्याची. असल्या पावसात कुटं जाईल?" दिवाळीला म्हणायचे, "सणाचं कुनी कुनाला भायेर काढतं व्हय?" उन्हाळ्यात पाहुण्यांचा सीझन, टांगेवाल्याच्या कमाईचे दिवस, तेव्हा त्याचं डोकं खायला नको. अशी सगळी वर्षं जायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "भाऊ, माझी खोली घ्या. आम्ही दुसरीकडे जातो." त्यांनी थकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी एकट्याच येळेवर भाडं देता. तुमी गेल्यावर आमी खायाचं काय?"

एका श्रावणात मावशींना बोलता येईना, ओठ निळे पडले. त्यांना कसंबसं वराळ्याला भावाकडे नेलं. त्या वाचल्या, पण भाऊ घाबरले आणि त्यांनी वडगावच्या कोर्टात दावा लावला. मग तारखा सुरू झाल्या. धोतर धुऊन, टोपी घालून भाऊ जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. विचारलं की म्हणायचे, "गेलतो. बसलो. आलो." तरी वकिलांना खात्री होती. काशिनाथकडून भाऊंनी कधी एक पैसा घेतला नव्हता, त्यामुळे तो भाडेकरू ठरूच शकत नव्हता.

पैसा घेतला नव्हता, पण तांदूळ घेतला होता. काशिनाथची गावाकडे थोडी भातखाचरं होती. मार्गशीर्षात भात झोडून झालं की त्याची बायको पारू नवा आंबेमोहर घेऊन पडवीत यायची. मावळात नवं घरात आलं की शेजारीपाजारी वाटतात आणि आलेलं नवं कुणी परत पाठवत नाही. मावशी त्याची खीर करायच्या आणि वाटीभर काशिनाथच्या पोरांना द्यायच्या. भांडण चालू होतं त्या वर्षीही तांदूळ आला आणि त्या वर्षीही खीर झाली. काशिनाथच्या वकिलाने नेमकं हेच धरलं. हा तांदूळ म्हणजे भाडं, आणि भाडं घेतलं म्हणजे घरमालकाने माणूस कबूल केला.

भाऊंच्या वकिलांनी त्यांना पढवून ठेवलं, तांदळाचं विचारलं तर सरळ नाही म्हणा, साक्षीदार कुणी नाही. आदल्या संध्याकाळी भाऊ माझ्या दाराशी आले. कौलांचं काही बोलले नाहीत. "बाई, घेतला न्हाई म्हनून सांगीन. पन खाल्ल्याचं काय करू?" मी म्हटलं, मावशींकडे बघा आणि नाही म्हणा. मला आजही वाटतं, मी बरोबर सांगितलं होतं.

भाऊ कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. दर साल घेतला."

दावा गेला. त्या संध्याकाळी काशिनाथ पडवीत येऊन मान खाली घालून बसला. आपण तसं म्हणायला सांगितलं नव्हतं, वकिलाने काढलं, असं काहीतरी पुटपुटला. भाऊंनी त्याला चहा दिला. "तू सांगितल्याबिगर वकिलाला कसं कळंल रं?" एवढंच म्हणाले, तेही न रागावता. मी मात्र काशिनाथशी त्यानंतर बोलले नाही.

पुढच्या आषाढात मावशी गेल्या. या खेपेला वराळ्याला न्यायलाही सवड मिळाली नाही. पारू भिंतीपलीकडे हुंदके देत होती, ते आम्हाला पडवीत ऐकू येत होतं.

त्यानंतर वर्षभरात माझी तळेगावला बदली झाली. सामान हलवलं, खोली धुतली आणि किल्ली द्यायला मी पडवीत गेले. भाऊ एकटेच कूड बांधत होते. आता कुणाच्या दारात उभं राहायची गरज नव्हती. एक रिकामी, कोरडी खोली त्यांच्या ताब्यात येत होती. मी म्हटलं, "भाऊ, आता तरी या पडवीतून निघा. आत राहायला जा."

त्यांनी हातातली सुतळी बाजूला ठेवली. "ती हितं भिजली. मी तितं कोरड्यात कसा निजू?" मग किल्ली माझ्याकडून घेत म्हणाले, "दुसरा भाडेकरू बघून द्या, बाई. भाडं दील न दील, त्याचं काय खरं न्हाई. पन कुनाच्या घरात दम्याचं मानूस असंल, तर आदी त्याला सांगा."