एकवीस इंचांवरचं काज

"पोट आत घेऊ नका, सर. मास्टरले फसवून काय भेटते? जसे आहे तसे राहा."

कंबरेभोवती टेप आली की हे वाक्य यायचंच. तुम्ही कधी शिंप्यापुढे उभे राहिला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल. टेप लागली की माणूस आपोआप ताठ होतो, पोट आत जातं. मास्टर मग टेप सैल धरून नुसते थांबायचे. माणूस किती वेळ श्वास कोंडणार? तो सुटला की आकडा वहीत जायचा.

आमच्या बोरी अरब गावच्या बाजारओळीत त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे मुलाखतीला काय घालून जातात हे सांगणारंही कुणी नव्हतं. ते मास्टरांनी सांगितलं आणि पँटही त्यांनीच शिवली. "दोन इंच आत दाबून ठेवले," ते म्हणाले. "नोकरी लागल्यावर लागतीन." गावच्याच शाळेत भूगोलाचा शिक्षक झालो आणि लग्नानंतर ते दोन इंच खरोखरच लागले.

दुर्बिणीचा विषय मी दुकानात काढला तो शर्टाचं माप देताना. वर्गात शनीची कडी फळ्यावर काढून दाखवताना मला दर वर्षी चोरट्यासारखं वाटायचं, कारण ती मी स्वतः कधी पाहिलेली नव्हती. आता घरासाठी एक चांगली दुर्बीण घ्यायची ठरवली होती. आई, बायको, मुलगी, सगळ्यांनी अंगणात बसून आकाश पाहावं, एवढीच इच्छा. पण कोणती घ्यावी हे ठरेना. सहा महिने मोबाइलवर वाचत होतो. कुणी म्हणे भिंगाची, कुणी म्हणे आरशाची. मला खोक्यावर छापलेला मोठा आकडा ओढत होता, किती पट मोठं दिसतं तो.

मास्टरांनी खडू खाली ठेवला. कॉलर मोठी केली म्हणून शर्ट अंगाला बसत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी विचारलं, "डोळा कुठं लावाचा असते?"

मी कापड गुंडाळायच्या कागदावर आकृती काढली. भिंगाच्या नळीत मागच्या टोकाला डोळा लावायचा. नळी वर रोखली की डोळ्याची जागा खाली येते. आरशाच्या नळीत वरच्या टोकाजवळ, बाजूनं डोळा लावायचा.

"म्हणजे भिंगाचीले खालून पाहाचं. वर तोंड करून."

"हो. पण मान अवघडते त्यात. तिथं तिरपा आरसा बसवून देतात, म्हणजे वरून पाहता येतं."

"तो काढून ठेवता येते काय?"

येतो, म्हणालो, पण कायले काढायचा? ते वही बगलेत मारून माझ्याबरोबर घरी आले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जे झालं तसं कुठल्याही घरी झालं नसेल. त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांची मापं घेतली, जमिनीपासून. मुलगी टाचा उंच करत होती, तिलाही तेच ऐकावं लागलं, जशी आहे तशी राह. आईला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, म्हणून तिचं माप स्टुलावर बसवून घेतलं. आई हसून म्हणाली, "मास्टर, डोयाले झंपर शिवता का आता?" माझं आणि बायकोचं माप त्यांनी घेतलं, पण वहीत लिहिलं नाही. "तुम्हाले वाकता येते," म्हणाले.

मापं पाहून मी सहा इंच रुंद आरशाची घ्यायची ठरवली. बसक्या लाकडी पायावर घट्ट उभी राहणारी, स्टुलावरच्या आईलाही पुरणारी. वहीच्या त्या पानावर तळाशी अजून एक आकडा होता, नाव नसलेला. एकवीस. मी तो पाहिला. कुणाचा, हे विचारलं नाही.

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. काकू, म्हणजे मास्टरांची बायको, तीन वर्षांपासून बाजेवर होत्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. दिवस मावळला की मास्टर त्यांची बाज अंगणात ओढायचे. मी कितीदा तरी त्या बाजेशेजारी उभं राहून चहा प्यायलो होतो. गावभर हाताच्या काजासाठी काकूंचं नाव होतं; मास्टर स्वतः काजाला हात लावत नसत. मुलाखतीच्या माझ्या शर्टाची काजंही त्यांचीच.

दुर्बीण आली, आम्ही जोडली. पहिला चंद्र आईनं पाहिला आणि काचेवरचा डोळा काढेचना. तिसऱ्या दिवशी मास्टर पाहायला आले. डोळा लावला, मान डोलावली आणि खिशातून टेप काढून डोळा लावायची जागा जमिनीपासून मोजली. नळी थोडी आडवी केली, पुन्हा मोजली.

"आडवी झाली का खाली येते," ते म्हणाले. "तिजेचा चांद असते तसा, बुडाशी. तीस इंच होते. आमची एकवीसवर आहे. नऊ इंच राह्यले. बाजेच्या पायाखाली तीन-तीन विटा."

तेव्हा मला एकवीस कुणाचे ते समजलं. भिंगाची असती तर विटांची गरजच नव्हती. मागचा तिरपा आरसा काढून नळी बाजेवरून वर रोखली असती, तर उशीवरून, मान न हलवता दिसलं असतं. मी तसं म्हणालो असेन, कारण ते लगेच बोलले, "तुमच्या घरची दुर्बीण आहे, सर. तुमच्या घरच्या मापानंच घ्याची होती." थोड्या वेळानं, वहीकडे पाहत, "तीस वर्सं मान खाली घालून काज केले तिनं. आता मान वर आहे, तर वर काहीतरी दिसाले पाहिजे."

पुढच्या तिजेला दुर्बीण त्यांच्या अंगणात नेली. दोन शेजाऱ्यांना घेऊन बाज उचलली, विटा लावल्या. माप बरोबर आलं, एक सूत चुकलं नाही. मास्टर काकूंच्या डोक्याशी बसले. पण डोळा बाजूनं लावायचा होता आणि काकूंची मान तिकडे वळून ठरत नव्हती. मास्टरांनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. "ताठू नको. जशी आहे तशी राह."

आणि चंद्र थांबेना. मी तो मध्यावर आणायचो, बाजूला व्हायचो, मास्टर काकूंचा चेहरा अलगद काचेशी आणायचे, तेवढ्यात तो निसटलेला असायचा. नळी ढकलली की थरथरायची, ती थरथर जाईपर्यंत पुन्हा तेच. पृथ्वी फिरते हे मी पंधरा वर्षं मुलांना शिकवत होतो. ती इतकी भराभर फिरते हे मला त्या दिवशी कळलं. सात-आठ वेळा झालं. चंद्र झाडांत उतरायला लागला.

शेवटच्या वेळी काकू म्हणाल्या, "उजेड."

चंद्र दिसला, की शेजारच्या घरचा बल्ब, मला सांगता येणार नाही. मी डोळा लावून पाहिलं तेव्हा काचेत काही नव्हतं. मास्टरांनी मला विचारलं नाही. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी काकूंचा डोळा टिपला आणि म्हणाले, "दिसलं तिले."

दुसरी, छोटी भिंगाची दुर्बीण आणतो, असं मी त्यांना म्हणालो होतो. मग परीक्षा आल्या, मग चार महिने आभाळ. त्यातच काकूंची तब्येत बिघडली आणि त्यांचा मुलगा दोघांना अमरावतीला घेऊन गेला. दिवाळीच्या आधी काकू गेल्याचं कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा मास्टर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. सर आले, असं सुनेनं सांगितल्यावर वळले, माझ्या शर्टाकडे पाहिलं, खांदा उतरतोय म्हणाले. दुकान बंद आहे. ते परत येतील असं वाटत नाही.

अमरावतीला जाण्याआधी मास्टरांनी दुर्बिणीसाठी खोळ शिवून दिली होती, निळ्या जाड कापडाची, आत मऊ अस्तर. घाईत मी ती नुसतीच चढवत असे. एकदा धुवायला उलटी केली, तेव्हा आतल्या शिवणीला धरून त्यांची जुनी टेप शिवलेली दिसली, जमिनीला टेकणाऱ्या काठापासून वर. एकोणचाळीसवर गुलाबी दोऱ्याची खूण, मुलीची. चव्वेचाळीसवर हिरवी, आईची.

एकवीसवर दोऱ्याची खूण नाही. तिथं पांढऱ्या दोऱ्यानं हातानं केलेलं काज आहे. टाके थोडे वाकडे आहेत, काकूंचे कधी नसायचे तसे. काज नीट कापून उघडलेलं आहे आणि समोर बटण कुठंच नाही.