अनोळखी हातचा लाडू

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, बरेच गुन्हे विसरलो; ज्येष्ठातला तो मंगळवार मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. आठवला की स्वतःचा राग येतो आणि एका बाईपुढे आपोआप हात जोडले जातात.

घर मराठी, पण वडील इथे रेल्वेत इंजिनीअर, त्यामुळे मी लखनौतच वाढलो आणि इथल्याच पोलिसात भरती झालो. तेव्हा विकास नगर भागातलं ठाणं माझ्याकडे होतं. ज्येष्ठातला मंगळवार म्हणजे इथे 'बड़ा मंगल', मारुतीचा सण. जागोजागी मांडव, पुरी-भाजी, सरबत, बुंदीचे लाडू. रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून खायला घालतात. त्या दिवशी प्रसाद नाकारणारा माणूस लखनौत सापडायचा नाही. आमचा मात्र बंदोबस्तात जीव मेटाकुटीला येतो.

सकाळी अकराला ठाण्यात फोन वाजला. सेक्टरमधल्या एक मराठी काकू होत्या. वय सत्तर, मुलगा वायुदलात, घरात एकट्या. महिन्यातून दोनदा तरी त्यांचा फोन यायचाच, म्हणून ठाण्यातल्या लेखनिकानं, मुंशीनं, डोळे मिचकावत तो माझ्याकडे दिला.

"साहेब, एक माणूस घरोघरी प्रसाद वाटत फिरतोय. 'माताजी, मेरे सामने खा लीजिए, मन्नत है' म्हणाला. अहो, हातात मारुतीचा प्रसाद आणि पायात बूट?"

"काकू, आजच्या दिवशी प्रसादावर संशय? पाप लागेल हो!" मी हसलो आणि फोन ठेवला. नोंदसुद्धा केली नाही.

दुपारी दीडला दोन गल्ल्यांपलीकडचे एक निवृत्त मास्तर घरात बेशुद्ध सापडले. बायको मंदिरात गेली होती. परत येऊन बघते तर कपाट रिकामं, नवरा जमिनीवर आणि ओठाला बुंदीचे कण. सकाळचा फोन आठवला आणि मी इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, "साँस धीमी हो रही है. पेट में क्या गया है, ये पता कीजिए, जल्दी."

मी तसाच काकूंच्या दारात. साखळी न काढता त्या म्हणाल्या, "ओळखपत्र दाखवा." वर्दीतल्या ठाणेदाराला! मी निमूट दाखवलं.

"लाडू खाल्लात का हो?"

"छे! प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून घेतला. आज उपास आहे, संध्याकाळी खाईन, असं सांगितलं त्याला. अनोळखी माणसानं खायला दिलं की माझा उपासच असतो."

स्वयंपाकघरात फळीवर पाण्याच्या ताटलीत स्टीलची डबी होती. मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाणी. आत तो लाडू, अख्खा. वर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं स्कूटरचा नंबर लिहिलेला. "फोनवर सांगणारच होते," त्या म्हणाल्या, "तुम्ही ठेवून दिलात." मी नंबर उतरवून घेतला.

दोन पंचांसमोर पंचनामा करून लाडू सीलबंद केला. नंबरावरून तासाभरात शेजारच्या जानकीपुरम वस्तीतून एकाला उचललं. पण तो कसला बिलंदर! "साहब, मैं तो भक्त आदमी हूँ," एवढीच त्याची टकळी. सीलबंद लाडवाचा प्रयोगशाळेतून अहवाल यायला कितीतरी दिवस लागणार, आणि मास्तरांकडे तेवढा वेळ नव्हता. इस्पितळातून दुसऱ्यांदा फोन आला, तेव्हा मी शिपायाला कोपऱ्यावरच्या हलवायाकडे पिटाळलं आणि ताजा बुंदीचा लाडू आणवून त्या भक्तापुढे ठेवला.

"माताजी ने खाया नहीं. तुम खा लो, प्रसाद है."

त्यानं लाडवाकडे पाहिलं. पंखा चालू असून कपाळावर घाम. "मैं मीठा नहीं खाता, साहब."

"आधा?"

"साहब, नहीं..." आणि तो फुटला. झोपेच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. कुठल्या, किती, सगळं सांगितलं. मी तिथूनच डॉक्टरांना नाव कळवलं. रात्री आठला मास्तरांचा श्वास सुरळीत झाला, सकाळी त्यांनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारलं, "तुम्हाला त्याचा संशय आला तरी कसा?"

"संशय कसला? गोड बोलत होता, मला चांगलाच वाटला. बूट घालून प्रसाद वाटतोय, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. तो वाईट की बरा, ते बघायचं काम तुमचं. कुलूप लावल्यावर ओढून बघतो ना आपण? तेव्हा कुलपावर राग असतो का?"

तीस वर्षं मी दिसेल त्याच्यावर संशय घेत आलो आणि त्यालाच सावधपणा समजत होतो. या बाईच्या मनात कुणाबद्दल काळंबेरं नाही, कुणाचा अपमान नाही. आणि तरी गोड बोलून, रोजच्या रोज, स्वयंपाकासारखा सावधपणा चाललेला. केवढी ही बाई! आणि आम्ही तिला ठाण्यात वेडी ठरवून मोकळे झालो होतो.

मास्तरांना भेटायला गेलो तर त्यांनी माझे हात धरले. "आपने बचा लिया, साहब." पलीकडे त्यांची बायको डोळे पुसत होती. मान हलवून निघून येणं सोपं होतं. पण मला राहवेना.

"मास्टरजी, मुझे सुबह ग्यारह बजे ख़बर मिल गई थी. मैंने हँसकर फ़ोन रख दिया था."

माझे हात न सोडताच ते म्हणाले, "अब से सुन लिया कीजिए."