ब्रेकबाईंचा उजवा पाय

ब्रेकबाईंचं खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही कधीमधीच आठवायचं. सव्वीस वर्षं त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या. गावातल्या निम्म्या लोकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. शिकवायच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की बाईंनी तो दाबायचा आणि गाडी जागच्या जागी थांबवायची. त्या ब्रेकने किती सायकली, किती कोंबड्या आणि किती विजेचे खांब वाचवले याची गणतीच नव्हती.

एवढ्या वर्षांत तो ब्रेक गाडीतून निघून बाईंच्या पायात येऊन बसला होता. टीव्हीवर एखादी मोटार वळणावर जोरात आली की सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. जेवताना नवऱ्याने मोठा घास घेतला तरी टेबलाखाली पाय चालायचा, आणि बहुतेक वेळा तो नवऱ्याच्याच पायावर पडायचा. चपला शिवणारा म्हणायचा, बाई, तुमची उजवी झिजून जाते आणि डावी नवीच्या नवी राहते, पुढच्या वेळी दोन्ही उजव्याच घ्या. बाईही हसायच्या. जित्याची खोड, ती काय चप्पल बदलून जाते?

नवरा सार्वजनिक वाचनालयात बाइंडर होता. सगळे त्यांना बाइंडरबुवा म्हणत. पाठ निखळलेली, पानं सुटलेली पुस्तकं मागच्या खोलीत त्यांच्याकडे यायची आणि खळ, दोरा, पुठ्ठा यांच्या जोरावर पुन्हा उभी राहायची. माणूस शांत. खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, हे त्यांचं सगळ्या बाबतीतलं धोरण. बाई मात्र अर्ध्या सेकंदात निर्णय घेणाऱ्या. म्हणूनच संसार चालला, असं दोघंही आपापल्या परीने म्हणत.

जुन्या शहरांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक तीस वर्षांत तीनदा बुवांच्या शिकंज्यात, पुस्तकं दाबून धरायच्या त्या चापात, आलं होतं. तिन्ही वेळा सुटलेलं पान एकच, दोनशे चौदा. त्या पानावर डोंगरमाथ्यावरचं एक शहर होतं. भोवती तट, दगडी वेस, वेशीतून वर चढत गेलेली गल्ली, आणि एका खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. शहर सातशे वर्षांपूर्वीचं आणि टॉवेल आज सकाळचा, हे बुवांना भारी आवडायचं. स्वतः गाडी चालवत इथे जायचं, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोला सांगून टाकलं होतं. तेव्हा दोघांत मिळून एक सायकल होती. त्या शहराचं नाव घरात कुणी घेतच नसे. सगळे त्याला दोनशे चौदाच म्हणत.

गाडी शिकायला मात्र बुवांनी पंचावन्नावं वर्ष गाठलं. घरच्यांना शिकवायचं नाही, असा बाईंनी पूर्वीच कानाला खडा लावला होता, पण नवऱ्यापुढे तो निघाला. सपाट रस्त्यावर बुवा छान चालवत. घोडं अडायचं ते चढावर. गावात पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ आहे, आणि परीक्षक सगळ्यांना तिथेच नेतो. मधोमध गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा सुरू करायची. पहिल्या परीक्षेत बुवांचं इंजिन चार वेळा बंद पडलं. दुसऱ्या परीक्षेत गाडी मागे घसरली ती मागे उभी असलेली परीक्षकाची स्कूटर आडवी करूनच थांबली. बाई खाली रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांचा पाय मातीत रुतला होता. तिसऱ्या वेळी कसाबसा चढ सुटला आणि लायसन्स हातात पडलं.

पण स्कूलची स्वतःचीही एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड असायचं. कुठल्या दिवशी काय शिकवलं, काय जमलं, काय नाही, हे त्यात भरायचं, आणि सगळ्यात शेवटी शिकवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, 'एकट्याने चालवण्यास हरकत नाही', आणि खाली सही. लायसन्स सरकार देतं, हरकत नाही ब्रेकबाई देतात, असं गावात म्हणायचे. नवऱ्याच्या कार्डावर ती शेवटची ओळ दोन वर्षं कोरीच होती. परीक्षकाचं काय जातं, तो पाच मिनिटं शेजारी बसतो, असं बाई मनाशी म्हणायच्या. बुवांनी कार्डाबद्दल कधी विचारलं नाही. बाईंना शेजारी बसवून ते बाजारापर्यंत जायचे आणि यायचे, तेवढंच.

अशात वाचनालयाला रंग द्यायचं ठरलं आणि दोन आठवडे ते बंद राहणार असं कळलं. बाईंनीही रजा टाकली. सव्वीस वर्षांत एवढी रजा त्यांनी मुलीच्या लग्नालाही घेतली नव्हती. नऊ दिवस, पाच जुनी शहरं, मधली खेडी आणि शेतं, आणि गाडी आपली आपण चालवायची.

आखणीला तीन आठवडे लागले, आणि दोघांचेही ते आठवडे इतके मजेत गेले की प्रवास राहिला असता तरी चाललं असतं. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. तो कुणी उचलायचा नाही, जेवायचं ते कडेकडेने. बुवा वाचनालयातून पुस्तकं आणत आणि चिठ्ठ्या घालून ठेवत. या चौकातलं घड्याळ म्हणे तीनशे वर्षं पाच मिनिटं मागेच आहे. या खेड्यात एका विहिरीला दोन गावांनी दोन बाजूंनी पायऱ्या बांधल्या, कारण दोन्ही गावांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बाई ऐकून घेत आणि विचारत, तिथे गाडी कुठे लावायची? मग लाल पेन्सिलीने वहीत लिहीत. 'पहिलं शहर. पूल अरुंद. दहाच्या आत ओलांडणे.' 'द्राक्षमळे. वळणावर झाडी, समोरचं दिसत नाही.' 'मेंढ्यांचा रस्ता. हॉर्न वाजवू नये, त्या ऐकत नाहीत.' बुवा ती वही वाचून पोट धरून हसत. पुस्तकात लिहिलेलं शहर वेगळं आणि तुझ्या वहीतलं वेगळं, दोन्ही बघू, म्हणत.

गाडीवरून मात्र थोडं वाजलं. बाईंना स्कूलची गाडी न्यायची होती. मालक आनंदाने देणार होते, आणि तिला दोन ब्रेक होते. बुवांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"त्या गाडीत मी चालवत नाही," ते म्हणाले. "तू मला चालवू देतेस."

मग भावाकडून घेतलेली घरची निळी गाडी न्यायचं ठरलं, एका ब्रेकची. बाईंनी वादात फार ताणलं नाही, कारण त्यांच्या पोटात एक वेगळीच गोष्ट होती. रस्ता आखताना त्यांनी लाल रेघ दोनशे चौदाच्या पायथ्यापर्यंत आणली होती आणि तिथून अलगद वळवून पलीकडच्या सपाट रस्त्याला नेली होती. डोंगरावर चढणारा रस्ता सात किलोमीटरचा होता. बुवांना त्यांनी सांगितलं होतं की तिकडचा रस्ता सगळा खणून ठेवलाय, पुढच्या वेळी बघू. बुवा बरं म्हणाले होते, आणि बाईंना वाटलं होतं, सुटले.

निघायच्या दहा दिवस आधी नणंदबाई आल्या. त्या बुवांहून मोठ्या आणि जिथे बोट ठेवू नये तिथे नेमकं बोट ठेवणाऱ्या. चहा घेता घेता त्यांनी चष्मा लावला आणि लाल रेघेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. डोंगराशी बोट थांबलं.

"अरे, दोनशे चौदा कुठे गेलं?"

बाई घाईने म्हणाल्या की रस्ता खणलाय. नणंदबाई म्हणाल्या, छे, आमच्या शेजारची मंडळी गेल्याच महिन्यात जाऊन आली, रस्ता आरशासारखा आहे म्हणत होती. बाईंचा पाय टेबलाखाली जोरात दाबला गेला, पण या वेळी तो नुसत्या फरशीवर पडला. बुवांनी आपला पाय आधीच मागे घेतला होता.

"राहू दे ताई," बुवा म्हणाले. "चढ आहे तो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

नणंदबाईंनी चहा अर्धा टाकला आणि घरी काम आठवलं म्हणून त्या उठल्या. दोघंच राहिल्यावर बाईंनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. तेवढा चढ मी चालवते, म्हणाल्या, वर पोचलो की मग तुम्ही घ्या. बुवा चिडले नाहीत, चिडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते नकाशाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले, जुन्या पुस्तकाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"गावातल्या निम्म्या लोकांना तू शिकवलंस आणि सोडून दिलंस," ते म्हणाले. "मला शिकवलंस, पण सोडलं नाहीस."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या रस्त्याबद्दल खोटं बोलल्या होत्या, आणि ते कळूनही हा माणूस तीन आठवडे त्यांच्यासोबत हसत चिठ्ठ्या घालत बसला होता. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थी घसरला तर गाडीला पोचा येतो. हा माणूस घसरला तर बाईंचं घरच घसरलं असतं. पण हे काही कार्डावर लिहायचं कारण नव्हतं, आणि त्यांना ते तोंडाने बोलताही येईना.

पुढचे तीन दिवस बुवा वाचनालयातून तासभर उशिरा आले. अंगाला खळीचा वास आणि बोटांना सोनेरी वर्ख. रंगकामाआधी आवराआवर चाललीय, एवढंच सांगत. रविवारी सकाळी ते म्हणाले, चल, टाकीपर्यंत जाऊन येऊ. नाही म्हणायचं तोंड बाईंना उरलं नव्हतं.

निळ्या गाडीचं दार उघडून त्या बसल्या आणि त्यांचं लक्ष पायाशी गेलं. खालच्या चटईवर एक ब्रेक होता. जाड पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून त्याला नीट उतार दिला होता, वर लाल चामडं ताणून बसवलं होतं, आणि पुस्तकाच्या पाठीवर नाव छापतात तशा सोनेरी ठशांनी मधोमध लिहिलं होतं, 'ब्रेक'.

"हा तुझा," बुवा म्हणाले. "हवा तेवढा दाब. कशालाच जोडलेला नाही."

बाईंनी पाय ठेवला. उंची बरोबर होती. झोपेतसुद्धा मोजली असेल या माणसाने. त्यांनी पट्टा लावला.

चढाच्या मध्यावर, परीक्षक थांबवायचा नेमक्या त्याच जागी, बुवांनी आपणहून गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. मागे रस्ता रिकामा होता, तरी बाईंना तिथे ती स्कूटर दिसत होती. हँडब्रेक दोघांच्या मधे होता, त्यांच्या हाताच्या अंतरावर. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बुवांनी क्लच हळूहळू सोडायला घेतला. हँडब्रेक सैल केला आणि गाडी मागे सरली, वीतभर. बाईंनी पुठ्ठ्याच्या ब्रेकवर सगळा जीव ओतला. सव्वीस वर्षांत कधी दाबला नसेल असा दाबला. बुवा घाबरले नाहीत. खळ वाळेपर्यंत थांबतात तसे ते इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत थांबले, मग थोडा गॅस दिला, आणि गाडी पुढे सरकून चढू लागली. थेट टाकीपर्यंत.

वर गेल्यावर बुवांनी इंजिन बंद केलं. बाईंनी पाय उचलला. पुठ्ठा पार चेपला होता आणि चामड्याला आडवी सुरकुती पडली होती. बुवांनी वाकून धंद्यातल्या माणसाच्या नजरेने त्याची तपासणी केली.

"दुसरा करतो," ते म्हणाले. "हा एका चढाचा झाला. तिथे सात किलोमीटर आहेत."

बाई आधी हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना रडूही आलं. बुवांनी हातरुमाल पुढे केला. त्यालाही खळीचा वास होता. टाकीखाली बसून दोघांनी डब्यातल्या सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या, आणि उतरतानाही गाडी बुवांनीच चालवली.

घरी आल्यावर बाईंनी रबराने लाल रेघेचं ते वळण खोडलं आणि नवी रेघ सरळ डोंगरावर नेली. वहीत लिहिलं, 'सहावा दिवस. दोनशे चौदा.' पुढे सूचनांची जागा होती. पेन्सिल तिथे थोडा वेळ घुटमळली आणि मग त्यांनी लिहिलं, 'खिडकीतला टॉवेल बघणे.'

सोमवारी स्कूलमधून परतताना त्यांनी पर्समधून एक जुनं कार्ड आणलं आणि बुवांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. बुवांनी चष्मा शोधला, लावला, आणि शेवटची ओळ दोनदा वाचली.

'एकट्याने चालवण्यास हरकत नाही. शेजारी बायको असली तरीही.' खाली सही होती.