मिलिंदची म्हणे बिअर

घरात बिअर बनते ही बातमी एकदा चार लोकांत फुटली, की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते बेल वाजवून घरात येतात, सोफ्यावर ऐसपैस बसतात आणि वर चकलीही मागतात. आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात असे बरेच साठलेत. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे आणि तिचा मला आजही संताप येतो.

बिअर मी बनवते. माझा नवरा मिलिंद बनवत नाही, पीत नाही, त्याला तिचा वाससुद्धा सहन होत नाही. तरी आमच्या ओळखीपाळखीत ती 'मिलिंदची बिअर' म्हणूनच प्रसिद्ध आहे. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी "मेघा, छान झालीय गं" म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. फार नव्हती ना?

*

सुरुवात दोन हजार चार-पाचच्या सुमारास झाली. ऑफिसच्या कामाला ब्रसेल्सला गेले होते, तिथे गव्हाची बिअर प्यायले. फिकट, गढूळ, संत्र्याच्या सालीचा आणि धण्याचा हलका वास. मी नागपूरची. संत्र्याचा वास आला की माझं काय होतं ते सांगायला नको. परत आल्यावर कळलं, तशी बिअर घरी बनवायचं किट मिळतं. काकवीसारखा दाट अर्क भरलेला डबा, यीस्टची पुडी आणि धणे-सालींचं पाकीट. सगळं पाण्यात कालवून बादलीत आंबवत ठेवायचं.

दुकानात गेलो. मी दुकानदाराला विचारलं, "बादली कुठे ठेवायची? किती गरम?" त्याने छान सविस्तर उत्तर दिलं. मिलिंदला! मी दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर मिलिंदला. मिलिंद आपला खिडकीतून आमच्या गाडीकडे बघत होता, कारण बाहेर डबल यलो लाइन होती, तिथे गाडी उभी केली की दंड.

घरी येताना मी म्हटलं, "तो शेवटी बाटल्यांत साखर किती घालायची म्हणाला?"

"मला काय माहीत? मी नुसती मान हलवत होतो."

*

पहिली बिअर तयार झाली तेव्हा मिलिंदचा मित्र शिरीष जेवायला आला. मी ग्लास भरून त्याच्या हातात दिला. एक घोट घेऊन तो ओरडला, "मिल्या! काय बनवलीस रे!"

मिलिंदच्या हातात ऑरेंज ज्यूस होता. तो म्हणाला, "अरे, मी तर पीतच नाही."

"बघा! स्वतः पीत नाही आणि लोकांसाठी बनवतो. याला मन लागतं."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात होतं, पण पाहुणा म्हणून सोडून दिलं. मग शिरीषने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. "पण ही गढूळ का दिसतेय?" आणि आल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याकडे वळला. "वहिनी, गाळून नाही का दिलीत?"

म्हणजे चव मिलिंदची आणि गाळ माझा.

*

त्यानंतर सासूबाई सहा महिन्यांसाठी कुडाळहून आल्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. विमानतळावरच्या साहेबाला त्यांनी इतकं चोख उत्तर दिलं होतं म्हणे, की तो "सॉरी, मॅम" म्हणाला.

आमच्याकडे गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट आहे, एअरिंग कबर्ड. टॉवेल वाळतात तिथे. या देशात हिवाळ्यात काहीही फुगवायचं, आंबवायचं तर तीच एक जागा. माझी बादली तिथे असायची. एक दिवस ऑफिसातून आले, कपाट उघडलं, तर आत आंबोळीचं पीठ! बादली मागे गॅरेजमध्ये, बर्फासारखी गार. आतलं यीस्ट झोपी गेलेलं.

"आई, माझी बादली का हलवलीत?"

"बुडबुड बुडबुड करत होती दिवसभर. वाचताना लक्ष लागेना. आणि पिठाला ऊब नको?"

मी बादली परत आत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गॅरेजमध्ये. शेवटी मिलिंदने मध्यस्थी केली आणि पीठ खालच्या फळीवर गेलं. सासूबाई शेजारच्या बॅरीला म्हणाल्या, "माय सन हॅज अ व्हेरी स्मेली हॉबी."

*

हा बॅरी घरी बिअर बनवणाऱ्यांच्या इथल्या होमब्रू क्लबचा मेंबर. एकदा कुंपणावरून मला म्हणाला, "तुझ्या मिस्टरांना सांग, आमच्या टेस्टिंगला बाटल्या घेऊन ये."

"मीच येते ना," मी म्हटलं.

"हो हो, तूही ये. बायका येतात. सँडविचेस असतात."

त्या क्षणी ठरवलं, आता जायचंच. सगळ्यांसमोर सांगायचं, ही माझी आहे. नवीन किट आणलं, डोळ्यांत तेल घालून सगळी भांडी निर्जंतुक केली. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी बघते, तर सासूबाई बादलीवर वाकून हात गोल गोल फिरवतायत.

"आई, काय करताय?"

"तुरटी फिरवतेय. गाळ खाली बसेल. तो शिरीष परवा फोनवर पण गढूळ गढूळ म्हणत होता. लोकांनी माझ्या मुलाला का नावं ठेवावीत?"

दाढीनंतर लावायला म्हणून मिलिंदसाठी आणलेला तुरटीचा खडा! मी ओरडलेच, "आई, ती गढूळच असते! तशीच असायला हवी!" त्यांनी शांतपणे हात पुसले. "गढूळ असायला हवी असं कुठे असतं का?" मी चव घेऊन बघितली. तोंडाची पार सालपटं निघाली. अख्खी बादली सिंकमध्ये ओतताना मला रडू आलं. टेस्टिंगला अजून दीड महिना होता म्हणून निभावलं. पुन्हा किट, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी कपाटाला मी कुलूप लावलं.

*

टेस्टिंग एका पबच्या वरच्या मजल्यावर होतं. सासूबाईंना घरी एकटं कसं सोडणार, म्हणून त्याही आल्या. कांजीवरम नेसून, लिंबू सरबत घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. बाटल्यांवर नुसतं आडनाव होतं. मिलिंदला मी गाडीतच दम दिला होता, कुणीही अभिनंदन केलं तर हात खिशात.

क्लबचे सगळ्यात जुने आजोबा आमच्या बाटलीपाशी आले. घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. म्हणाले, टेबलावरची ही सगळ्यात सुंदर बिअर आहे. आणि हात पुढे करून थेट मिलिंदकडे निघाले.

मिलिंदने दोन्ही हात खिशात घातले. "नॉट मी. आय डोन्ट ईव्हन ड्रिंक."

आजोबांचा हात हवेतच राहिला. मी सँडविचची प्लेट खाली ठेवली, साडी नीट केली आणि एक पाऊल पुढे आले. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ऑफ कोर्स! द कोरिअँडर!"

मला वळसा घालून ते कोपऱ्यात गेले आणि सासूबाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "मॅडम, वंडरफुल. अ मास्टरपीस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बॅरी तर उभाच राहिला.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरून त्या उठल्या.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "इट टेक्स पेशन्स."